तीन माणसांना ओढवेल अशी होडी

सतरा नोव्हेंबर, रविवार. जवळ रोख एक लाख साठ हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. पहाटेच्या एसटीनं जव्हारहून निघून साडेनऊच्या सुमारास आम्ही डहाणूकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात उतरलो. काम एकच होतं. भावासाठी मासेमारीची लहान होडी पसंत करायची, आणि ती त्याच दिवशी.

त्याच दिवशी का, ते आधी सांगतो. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मोखाड्याच्या नाक्यावर खलाशी न्यायला जीप येणार होती. दरवर्षी दिवाळीनंतर येते. आमच्याकडची तरणी माणसं त्यात बसून गुजरातच्या बंदरांवर ट्रॉलरवर जातात आणि मे महिन्यात परत येतात. माझा भाऊ अशी चौदा वर्षं गेला. पोशेरा गावच्या आमच्या घरी दीड एकर भात आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, त्यावर दोघांचं वर्ष निघत नाही. मी शिकलो, कारकून झालो, जव्हारला राहायला आलो. तो शिकला नाही, खलाशी झाला. गेल्या हंगामात जाळं ओढायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. बोटं राहिली, पण मिटत नाहीत. चौदा वर्षांत एकदाही कुणी त्याला सुकाणू धरू दिलं नव्हतं. वारा ओळखायचा, पाण्याच्या रंगावरून माशांचा थवा सांगायचा, हे त्यानं करायचं; सुकाणू मात्र ट्रॉलरच्या म्होरक्याचं, तांडेलाचं.

जव्हारच्या घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे होडीसाठी काढायचे असं मी आणि बायकोनं ठरवलं. कौलं आणखी दहा वर्षं टिकतील, हा हिशोब तिचाच. नातेवाइकांत बातमी फुटली आणि जो तो मला शहाणपण शिकवू लागला. डोंगरातल्या माणसानं होडी कशाला घ्यायची, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. कार्यालयातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, होडी जयसागर धरणात सोडणार का? मी त्याला सांगितलं की तू हॉटेलात खातोस तो पापलेट ज्यानं जाळ्यातून सोडवला तो माणूस बहुतेक आमच्याच एखाद्या पाड्यावरचा असतो. बर्फात हात घालणारे आम्ही, रात्रभर दोर ओढणारे आम्ही. मग होडीच्या कागदावर आमचं नाव लागलं तर समुद्राला काय खुपणार आहे? त्याला पटलं नसावं. मलाही त्याला पटवायचं नव्हतं.

किनाऱ्यावर एक दलाल आम्हाला भेटला. तिशीतला, अंगात चांगला शर्ट, मोटारसायकलवर बसूनच बोलणारा. भावाच्या ओळखीच्या एका खलाशानं त्याचा नंबर दिला होता. त्यानं पहिल्यांदा दाखवली ती लाकडी होडी, चोवीस फुटी, डिझेल इंजिनाची, किंमत एक लाख पंचावन्न हजार.

मला ती बघताक्षणी आवडली, हे कबूल केलं पाहिजे. समुद्रातलं मला काही कळत नाही, पण लाकडातलं कळतं. सागाची फळी होती, तेल पाजून काळी झालेली. मी बोटांच्या पेरांनी ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. दोन ठिकाणी वास घेतला. टेप लावून रुंदी घेतली. मग दलालाला विचारलं, लाकूड कुठल्या पंधरवड्यात तोडलेलं? आमच्याकडे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असं मानतात, आणि माझ्या वडिलांच्या घराचे खांब त्याची साक्ष आहेत.

दलाल हसला. म्हणाला, "काका, होडी घ्यायला आलात की झाडाची पत्रिका बघायला?"

 भाऊ होडीभोवती एक फेरी मारून बाजूला जाऊन उभा राहिला होता. त्याच्या मनात फायबरची हलकी होडी होती. बसमध्ये त्यानं मला ते दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा म्हणालो होतो की जड असेल ते टिकतं. जात्यापासून आडव्या तुळईपर्यंत मी आयुष्यभर असंच बघत आलो. वस्तू जड आहे म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. पैसे माझे असल्यामुळे तो जास्त बोलत नव्हता, आणि हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी भाव पाडायला सुरुवातसुद्धा केली. एक लाख पंचेचाळीसवर गोष्ट आली.

तेव्हा दलालानं, बहुधा भाव आणखी पडू नये म्हणून, सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "होडी देतो मी. पण वाळूवर ओढायला आठ माणसं लागतात. तुमची कुठं आहेत?"

मी म्हणालो, गावातली माणसं एकमेकांच्या होड्या ओढतात असं ऐकलंय.

"एकमेकांच्या ओढतात. तुम्ही वरचे."

वरचे, म्हणजे डोंगरातले. तो हे तुसडेपणानं बोलला नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. या गावाला धक्का नाही, जेट्टी नाही. होडी किनाऱ्याला लागली की हाक द्यायची, जो असेल त्यानं येऊन दोराला हात घालायचा, आणि हात घालणाऱ्याला ओंजळभर मासळी द्यायची, असा इथला रिवाज. पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यात बाहेरच्याची हाक कुणी ऐकावी असं कुठं लिहिलेलं नाही. आणि होडी ओढली गेली नाही तर रात्रीच्या भरतीत ती आपटते, फुटते.

मी खिशातली वही काढली. आठातून तीन गेले (हंगामात माझ्या जागी भावजयीचा भाऊ येणार होता), उरले पाच. हे पाच जण रोज मजुरीनं आणता आले असते, हंगामाचे दोनशे दिवस. पैशाचा प्रश्न वेगळाच. ज्या दिवशी ते पाच येणार नाहीत म्हणतील, त्या दिवशी माझा भाऊ पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर. ट्रॉलरवर तो तेच करत होता. त्यासाठी एक लाख पंचेचाळीस हजार मोजायचे?

मी वही मिटली आणि दलालाला सांगितलं की ही नको. आता आम्हाला फक्त तीन माणसांना ओढवेल अशी होडी दाखवा.

त्यानं इंजिनाच्या ताकदीचं सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, ताकद नंतर. किती माणसं ओढतात ते सांगा. पुढच्या दोन होड्यांपाशी मी हाच प्रश्न विचारला आणि दोन्हीकडे लोक माझ्याकडे बघत राहिले. एकानं उत्तर दिलं, "जितकी असतील तितकी." त्याचं खरंच होतं. त्याला कधी मोजायची पाळीच आली नव्हती.

साडेअकरा झाले होते. भावजय पाणी मागायला म्हणून एका घराकडे गेली होती. ती परत आली आणि नवऱ्याशी हळू बोलली. ती माझ्याशी थेट बोलत नाही. थोरल्या दिराशी बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि ती सूर्यमाळकडची, पद्धत सोडणारी नाही. पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती बोलते. त्या घरामागे एक होडी पालथी पडलीय, खाली कोंबड्या बसतात, असं तिनं सांगितलं.

आम्ही गेलो. ओट्यावर एक म्हातारी सुकटीतला कचरा निवडत होती. मागे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि पलीकडे सोळा फुटी फायबरची होडी, निळा रंग उडालेली. म्हातारीचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती तशीच. आणि आमचा दलाल म्हणजे तिच्या दिराचा मुलगा निघाला.

तो म्हणाला, "ही काय होडी आहे? पोरांचं खेळणं."

म्हातारीनं मान वर केली नाही. "ह्याच खेळण्याच्या पैशातनं तुजी पयली चड्डी आलती, इसरलास?"

भाऊ तेवढ्यात कोंबड्या हाकलून होडीखाली शिरला होता. बराच वेळ तो आतच होता. अंगठ्यानं दाबून बघत होता, मुठीनं ठोकत होता. बाहेर आला तो केसांत पिसं घेऊन. तळाला दोन थिगळं आहेत, त्यातलं एक नीट बसलेलं नाही, ते तो स्वतः करील. बाकी अंग घट्ट आहे, असं त्याचं म्हणणं. इंजिन घरात गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते पाण्याच्या पिंपात उभं करून सुरू करून बघितलं. दोरीच्या आठव्या ओढीला सुरू झालं. मी त्याला विचारलं, एवढ्याशा होडीतून समुद्रात जायचं? तो म्हणाला, किनारा दिसतो तिथवरच जायचं, सकाळी जाऊन दुपारी यायचं, बोय, मांदेली, कोळंबी. आणि कुठल्या वाऱ्यात जायचं नाही ते चौदा वर्षांत शिकलोय. मी वहीत दोन लाइफ जॅकेट लिहिली. ती घेतल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मग मी म्हणालो, आता ओढून बघू. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, दुपारी भरती पार वरपर्यंत आली होती. पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. मला वाटलं, बरं झालं, लगेच होईल. भाऊ म्हणाला, "दादा, भरतीत कुणीपण ओढील. पाणी लांब गेलं की मग बघू."

आम्ही तिघांनी होडी उतरवली, ती उतारानं सहज गेली. इंजिन चढवलं, म्हातारीची जुनी जाळी, पेट्रोलची टाकी आणि बर्फाची रिकामी पेटी आत ठेवली. भावानं जाळी एकदा पाण्यात सोडून एक फेरी मारून आणली. सुकाणू त्याच्या हातात होतं. लांबून मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण तो जागेवर बसलाच नाही, सगळा वेळ उभाच होता.

साडेचारला पाणी मागे गेलं. मी टेप लावली. ओल्या घट्ट वाळूचे ब्याऐंशी मीटर आणि त्यानंतर कोरड्या भुसभुशीत वाळूचे एकोणीस. तोपर्यंत किनाऱ्यालगतच्या दगडी बंधाऱ्यावर जाळी शिवत बसलेली सात-आठ माणसं बघायला लागली होती. दलालही त्यांच्यातच जाऊन बसला.

म्हातारीकडे सुरूचे तीन ओंडके होते. ते होडीखाली घालायचे, मागचा मोकळा झाला की पुढे आणायचा. मी आणि भावजय दोरावर, भाऊ मागून रेटायला. घट्ट वाळूवर होडी झकास सरकली. अकरा मिनिटं. मला वाटलं, जिंकलं. मग कोरडी वाळू आली आणि ओंडके रुतले. आम्ही ओढलं. पुन्हा ओढलं. भावानं न मिटणारी बोटं काठावर टेकवून खांदा लावला. होडी हलली नाही.

बंधाऱ्यावरून कुणीतरी म्हणालं, वरचे आता तिथंच झोपडी बांधतील. बाकीचे हसले. पण त्यातला एक, पांढऱ्या दाढीचा, उठून आमच्याकडे चालत आला आणि त्यानं काठाला धरायला हात पुढे केला. भला माणूस होता, हे मला तेव्हाही कळलं.

मी म्हणालो, "बाबा, हात लावू नका. तुम्ही हात लावलात तर मोजमाप चुकेल."

"मदत करतोय," तो म्हणाला.

"उद्या करा. आज मोजतोय."

तो हात मागे घेऊन उभा राहिला.  माझ्या खांद्यात कळ आली होती. डोळ्यांपुढे मोखाड्याचा नाका होता आणि तिथं उभी असलेली जीप. आणखी लहान होडी असते का, याचा मी विचार करू लागलो. नसते. यापेक्षा लहान म्हणजे खेळणंच.

तेव्हा भावजय दोर खाली टाकून नवऱ्याला म्हणाली, "दादांना सांगा, भरलेला पिंप उचलत नाय तर आपण हंडं करतो. खेपा करू."

मला समजायला दोन क्षण लागले. भावाला आधीच समजलं होतं. चौदा वर्षं ट्रॉलरवर काढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं, कारण तिथं माणसं पुष्कळ. इथं किनाऱ्यावरही कुणाला सुचत नाही, कारण हाक दिली की हात येतात. इंजिनासकट, जाळ्यासकट, मासळीसकट होडी एकदम ओढायची, हीच इथली रीत. सूर्यमाळच्या पाड्यांवर मार्चनंतर विहीर आटते आणि खालच्या झऱ्यावरून पाणी आणायला लागतं. तिथली बाई ओझ्याकडे बघते तेव्हा ते किती जड आहे हे बघत नाही. त्याच्या किती खेपा होतील, हे बघते. माझी चूक सकाळपासून हीच होती. मी किती माणसं एवढंच मोजत होतो.

भावानं इंजिनाचे स्क्रू सोडले. म्हातारीच्या वलांडीचा एक बांबू काढला, इंजिन त्याला दोरानं टांगलं आणि दोघा नवराबायकोनं खांद्यावर घेऊन ओट्यापर्यंत नेलं. ती पहिली खेप. ओल्या जाळ्यांच्या दोन. टाकी आणि पेटी मी एकट्यानं, चौथी. रिकाम्या होडीला तिघांनी पुन्हा हात घातला. ती जागची हलली तेव्हा मी पुढचा ओंडका घालायलाच विसरलो, ती हलेल असं मला वाटलंच नव्हतं. एकोणीस मीटरला चौदा मिनिटं लागली. खेपा धरून सगळं मिळून बावन्न मिनिटं. गावातली आठ माणसं हे काम दहा मिनिटांत करतात. करोत. बावन्न मिनिटं आमची होती.

पांढऱ्या दाढीचा अजून तिथंच होता. त्यानं भावजयीला विचारलं, "रोज एवढ्या खेपा करणार तुमी?"

ती त्याच्याशी थेट बोलली. "उन्हाळ्यात पाण्यासाठी सात करतो आमी. हितं तर चारच हायेत. आनि वर मासे."

बंधाऱ्यावरची माणसं आता हसत नव्हती. एकजण म्हणाला की इंजिन काढून नेलेलं बरंच, चोरीची तरी भीती नाही. मी ऐकून घेतलं.

ओट्यावर बसल्यावर दलाल व्यवहाराचं बोलायला पुढे सरसावला. किंमत एक लाख दहा हजार, पैसे त्याच्याकडे द्यायचे, काकूला लिहिता-वाचता येत नाही, कागद त्याच्याकडेच आहेत. मी कागद मागितले. मी पंचवीस वर्षं कागद वाचूनच पोट भरतो. नोंदणीचा कागद आधी नवऱ्याच्या नावाचा होता, त्यानंतर म्हातारीच्या नावावर झालेला. पुतण्याचं नाव कुठंच नव्हतं. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला किती हवेत?"

"नव्वद. मी ह्याला नव्वदच सांगितलेलं."

दलाल म्हणाला, हे असं मधल्या माणसाला बाजूला सारणं बरोबर नाही. मी म्हणालो, तुमची मेहनत मी बुडवणार नाही. पण वीस हजारांची मेहनत तुम्ही केलेली नाही. तुम्ही आम्हाला ही होडी दाखवलीसुद्धा नव्हती. त्यानं मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली, पुन्हा खिशात टाकली. आजीनं त्याला चहा पिऊन जा म्हणून सांगितलं आणि तो बसला.

भावानं तेवढ्यात ओट्याच्या टोकाला जाऊन जीप आणणाऱ्या, खलाशी गोळा करणाऱ्या मुकादमाला फोन लावला. मला फक्त त्याची बाजू ऐकू आली. उद्या माझी जागा दुसऱ्याला द्या. नाही. नाही, आजारी नाही. होडी घेतली. पलीकडचा बराच वेळ बोलत राहिला असावा. शेवटी तो म्हणाला, "लहानच आहे. पण माझी आहे," आणि फोन ठेवला. आजीच्या मागच्या छपरीत दोघांनी राहायचं ठरलं, भाड्याऐवजी रोजची मासळी. मी एकटाच शेवटच्या बसनं परत फिरणार होतो; दोरावर माझ्या जागी भावजयीचा भाऊ दोन दिवसांत येणार होता.

साध्या कागदावर पावती लिहिली. आजीनं अंगठा उठवला, साक्षीदार म्हणून पांढऱ्या दाढीच्या माणसानं सही केली. जाळी किमतीत धरलेली नव्हती, तीन जुनी होती, वापरण्याजोगी. त्यांचे दोन हजार वेगळे लावले. आजीनं ते नको म्हटलं, मी ऐकलं नाही. एकूण ब्याण्णव हजार रुपये आजीच्या हातात दिले, तिच्यासमोर दोनदा मोजून. दिवसभराची फेरी आणि पेट्रोल म्हणून तिच्या पुतण्याला पंधराशे.